मांजरातला व्हिपवर्म कसा ओळखावा: अंड्यापासून पूर्ण जंतापर्यंत

मांजराच्या विष्ठेत दोन्ही टोकांना बुचं असलेलं तपकिरी अंडं दिसलं, की अहवालावर काय लिहायचं हा प्रश्न बहुतेक प्रयोगशाळांत एका मिनिटात निकाली निघतो. कुणी थेट ‘ट्रायक्युरिस’ लिहितं (मोठ्या आतड्यात राहणाऱ्या, चाबकासारख्या दिसणाऱ्या जंताचं, म्हणजे व्हिपवर्मचं शास्त्रीय नाव), कुणी ‘कॅपिलारिया’ (त्याच्या नात्यातल्या, केसासारख्या बारीक जंतांचा गट). कुत्र्यांचे नमुने रोज पाहणारी व्यक्ती सवयीने ‘ट्रायक्युरिस व्हल्पिस’ लिहून मोकळी होते. या तिन्हींपैकी कोणतंही उत्तर बरोबर असू शकतं आणि कोणतंही चूक. मांजरांच्या बाबतीत ते ठरवायला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, कारण अशी अंडी मांजराच्या विष्ठेत पाच-सहा वेगवेगळ्या वाटांनी येऊ शकतात आणि त्यातल्या बऱ्याच वाटांचा मांजराच्या आतड्याशी संबंध नसतो.

हा लेख पशुवैद्यकाचे विद्यार्थी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि शवविच्छेदन करणारे पशुवैद्य यांच्यासाठी आहे. साधा सूक्ष्मदर्शक, मोजपट्टी बसवलेलं नेत्रभिंग आणि थोडा धीर एवढ्यावर यातलं बहुतेक काम होतं.

आधी नावांचा गुंता

जगाच्या बऱ्याच भागांत पाळीव मांजरात व्हिपवर्म क्वचितच सापडतो. तो इतका दुर्मीळ की उत्तर अमेरिकेतल्या पाळीव मांजरांत तो असतो तरी का, असा प्रश्न १९५१ मध्ये तिथल्या पशुवैद्यक नियतकालिकातल्या एका लेखाच्या शीर्षकातच विचारला गेला होता. पुढे १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि १९७८ मध्ये मायामीतून मांजरातल्या व्हिपवर्मची वर्णनं प्रसिद्ध झाली. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावर मात्र हा जंत मांजरांत अगदी सर्रास आढळतो आणि अलीकडची बरीच माहिती तिथूनच आली आहे.

मांजरवर्गातल्या प्राण्यांच्या व्हिपवर्मसाठी तीन नावं वापरात आहेत. डीसिंग यांनी १८५१ मध्ये दिलेलं ‘फेलिस’, फॉन लिन्स्टो यांनी १८७९ मध्ये दिलेलं ‘सेराटा’ आणि त्यांनीच १८८९ मध्ये दिलेलं ‘कॅम्पॅन्युला’. या खरोखर वेगळ्या जाती आहेत की काही नावं एकाच जंताची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ऑस्ट्रेलियातला जंत ‘सेराटा’ म्हणून नोंदला गेला, मायामीतला ‘कॅम्पॅन्युला’ म्हणून. सेंट किट्सच्या मांजरांतल्या जंतांवर २०१५ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने तर शीर्षकातच मुद्दा मांडला: ओळख आकारमानावरून करायची की मादीच्या योनिद्वाराच्या रचनेवरून? दोन्ही निकष एकाच दिशेला बोट दाखवत असते, तर हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्रजात पक्की करायची, म्हणजे हा जंत ट्रायक्युरिसच आहे हे ठरवायचं. मग तो मांजराचाच आहे का हे तपासायचं. त्यानंतर पूर्ण वाढलेल्या नर-मादीचं वर्णन नोंदवायचं आणि जातीचं नाव सर्वांत शेवटी घ्यायचं.

नमुना आणि अंडी तरंगवणं

ताजी विष्ठा हवी. ट्रेमधल्या मातीत किंवा दाण्यांत पडून राहिलेल्या विष्ठेत मूत्र मिसळलेलं असतं आणि त्यातून मूत्राशयातल्या कॅपिलारियाची अंडी येऊन घोटाळा करतात. बागेतून उचललेल्या नमुन्यात तर मातीतले मुक्तजीवी सूत्रकृमी (परजीवी नसलेले बारीक जंत), त्यांची अंडी आणि परागकणही असतात. हातमोजे घालूनच काम करावं. मांजराच्या विष्ठेत टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीच्या ऊसिस्ट (कवचबंद अवस्था) असू शकतात आणि बाहेर पडल्यानंतर एक ते पाच दिवसांत त्या संसर्गक्षम होतात. गरोदर व्यक्तीने जुने नमुने हाताळू नयेत.

व्हिपवर्मची अंडी जड असतात. मिठाच्या पाण्यात नळी नुसती उभी ठेवून केलेल्या तपासणीत ती सहज निसटतात, म्हणून सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवणारं यंत्र) वापरावा. द्रावण साखरेचं उत्तम: ३५५ मिलिलिटर पाण्यात ४५४ ग्रॅम साखर मंद आचेवर विरघळवायची, थंड झाल्यावर बुरशी टाळण्यासाठी सुमारे ६ मिलिलिटर फॉर्मालिन घालायचं. विशिष्ट गुरुत्व १.२५ ते १.२७ च्या दरम्यान यायला हवं आणि ते हायड्रोमीटरने मोजून घ्यायला हवं. दोन ते पाच ग्रॅम विष्ठा पाण्यात कालवून गाळावी, एकदा फिरवून वरचं पाणी ओतून द्यावं, मग तळातल्या गाळात साखरेचं द्रावण मिसळून पुन्हा पाचेक मिनिटं फिरवावं. नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप ठेवावी आणि दहा मिनिटं थांबावं.

स्लाइड लगेच पाहावी. दाट द्रावणात फार वेळ राहिलेली अंडी आक्रसतात. त्यांची बाजू आत दबते आणि मग मोजमापही चुकतं, आकारावरून काढलेला निष्कर्षही.

एका नमुन्यात अंडी दिसली नाहीत म्हणून जंत नाही असं समजू नये. अंडी रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. शिवाय संसर्ग झाल्यापासून अंडी दिसू लागेपर्यंत बराच काळ जातो. कुत्र्यातल्या व्हिपवर्मला यासाठी जवळजवळ तीन महिने लागतात. दोन-तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने पाहिल्यावरच नकारात्मक निकालाला काही अर्थ येतो.

मोजपट्टी आधी तपासा

ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आहे आणि तीच सर्वाधिक वेळा वगळली जाते. नेत्रभिंगातल्या मोजपट्टीचा एक भाग म्हणजे किती मायक्रॉन, हे प्रत्येक सूक्ष्मदर्शकावर आणि प्रत्येक वस्तुभिंगासाठी वेगळं असतं. एक मिलिमीटरचे शंभर भाग केलेली प्रमाणित स्लाइड मंचावर ठेवावी. तिचा प्रत्येक भाग १० मायक्रॉनचा असतो. समजा ४० पटीच्या वस्तुभिंगाखाली नेत्रभिंगाचे ४० भाग या स्लाइडच्या १० भागांवर नेमके बसले, तर ४० भाग म्हणजे १०० मायक्रॉन आणि एक भाग २.५ मायक्रॉन. हा आकडा चिठ्ठीवर लिहून सूक्ष्मदर्शकावर चिकटवून ठेवावा. दुसऱ्या सूक्ष्मदर्शकावर काम करताना तो वापरू नये.

मोजण्यासाठी पूर्ण भरलेली, बाजूने नीट आडवी पडलेली अंडी निवडावीत. बुचांसकट लांबी आणि सर्वांत रुंद भागातली रुंदी घ्यावी. बुचं धरून मोजलंय की सोडून, हे नोंदीत लिहावं, कारण वेगवेगळे लेखक वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात आणि फरक बऱ्याच मायक्रॉनचा पडतो. अंडी मिळत असतील तर निदान वीस-तीस मोजावीत. एका अंड्याच्या मापावरून जातीविषयी बोलायला जागाच नाही.

ट्रायक्युरिस की कॅपिलारिया?

खरी कसोटी इथे लागते आणि बहुतेक चुकाही इथेच होतात. या दोन्ही गटांची अंडी दोन बुचांची आणि तपकिरी-पिवळी असतात. विष्ठेत येताना आत एकसंध, दाणेदार गर असतो, पेशीविभाजन झालेलं नसतं. दहा पटीच्या भिंगाखाली ती सारखीच भासतात. म्हणून निर्णय ४० पटीखाली घ्यायचा, प्रकाशाची झडप थोडी मिटून आणि बारीक फोकसचं चाक सतत हलवत.

एकेका गोष्टीकडे याच क्रमाने पाहावं.

पहिली गोष्ट कवचाचा पृष्ठभाग. फोकस अंड्याच्या वरच्या पृष्ठावर आणला की ट्रायक्युरिसचं कवच गुळगुळीत दिसतं, त्यावर कसलीही नक्षी नसते. कॅपिलारिया गटात या पातळीवर जाळी, रेघा किंवा खळगे दिसतात. अंड्याच्या मध्यावर फोकस ठेवून नुसती बाह्यरेषा पाहिली, तर हा फरक डोळ्यांतून निसटतो. मला विचाराल तर साऱ्या तपासणीतली सर्वांत मोलाची कृती म्हणजे फोकस त्या वरच्या पातळीवर नेऊन पाच सेकंद थांबणं.

दुसरी गोष्ट बुचं. ट्रायक्युरिसची बुचं ठळक, बाहेर आलेली आणि एकमेकांसमोर एका सरळ रेषेत असतात. बुचाच्या तळाशी कवचाला कडं असल्यासारखी जाडी दिसते. कॅपिलारिया गटातल्या, श्वासनलिका आणि फुप्फुसात राहणाऱ्या युकोलियस एरोफिलसच्या अंड्यात बुचं किंचित तिरकी, एकमेकांच्या रेषेतून सरकलेली असतात.

तिसरी गोष्ट बाह्यरेषा. ट्रायक्युरिसचं अंडं मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे सारखं निमुळतं होणारं, लिंबासारखं. कॅपिलारियाच्या अंड्यांच्या बाजू अधिक समांतर असतात, काहींमध्ये एक बाजू चपटी असते.

माप चौथ्या क्रमांकावर येतं. मांजरातल्या ट्रायक्युरिसची अंडी साधारण ६० ते ८५ मायक्रॉन लांब आणि ३५ ते ४० मायक्रॉनच्या आसपास रुंद असतात. युकोलियस एरोफिलसची अंडी ५८ ते ७९ बाय २९ ते ४०. म्हणजे माप पाहून हे दोघे वेगळे करता येत नाहीत. त्याच गटातल्या, मांजराच्या जठरात राहणाऱ्या एऑनकोथेका प्युटोरीची अंडी ५३ ते ७० बाय २० ते ३०, म्हणजे अधिक बारीक. त्यांच्या कवचावर खोल, उभट रेघांची ठसठशीत नक्षी असते आणि बाजू समांतर. हे अंडं फुप्फुसातल्या जंताचं समजून उपचार सुरू झाल्याची उदाहरणं शास्त्रीय लेखनात आहेत, तेव्हा या नक्षीची सवय डोळ्यांना लावून घ्यावी.

मूत्राशयातल्या पिअरसोनेमा प्लायका आणि पिअरसोनेमा फेलिसकॅटी यांची अंडी मूत्रात असतात आणि ट्रेमधून विष्ठेत मिसळतात. शंका आली तर मूत्राचा वेगळा नमुना घेऊन त्यातला गाळ तपासावा. मांजराने संसर्ग झालेल्या उंदराचं यकृत खाल्लं असेल, तर याच गटातल्या कॅलोडियम हेपॅटिकमची अंडीही विष्ठेतून जशीच्या तशी बाहेर पडतात. त्यांची बुचं उथळ असतात, कवचाबाहेर फारशी येत नाहीत, आणि कवचाच्या जाडीत आरपार गेलेल्या बारीक रेघा दिसतात. मांजराला स्वतःला काहीही झालेलं नसतं.

अंड्यात वळवळणारी अळी दिसली तर नमुना ताजा नाही असं समजावं. व्हिपवर्मचं अंडं विष्ठेतून पडताना अविभाजित असतं. आत अळी तयार व्हायला बाहेर दिवस-आठवडे लागतात.

अंडं ट्रायक्युरिसचं आहे, पण मांजराचं आहे का?

मांजर शिकार करतं, कचरा हुंगतं, कुत्र्याची विष्ठा पडलेल्या मातीतून चालून मग पंजे चाटतं. उंदराच्या आतड्यात ट्रायक्युरिस म्युरिस असतो. तो उंदीर खाल्ला, तर त्याची अंडी मांजराच्या आतड्यातून अखंड प्रवास करून बाहेर येतात. कुत्र्याच्या ट्रायक्युरिस व्हल्पिसचंही तसंच. व्हल्पिसचं अंडं ७२ ते ९० बाय ३२ ते ४० मायक्रॉन, म्हणजे मांजराच्या व्हिपवर्मपेक्षा सरासरीने मोठं. पण दोन्ही पल्ले एकमेकांत मिसळतात: ७८ मायक्रॉनचं अंडं दोघांपैकी कुणाचंही असू शकतं. माणसाच्या ट्रायक्युरिस ट्रायक्युराची अंडी सहसा ५० ते ५५ बाय २० ते २५ मायक्रॉन, म्हणजे लक्षणीय लहान. मात्र कुत्र्यांत आणि माणसांतही क्वचित नेहमीपेक्षा मोठी अंडी आढळल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे या आकड्यांवर शंभर टक्के विसंबू नये.

इथे एक सोपी चाचणी उपयोगी पडते. मांजराला चार-पाच दिवस घरातच, शिकारीपासून आणि इतर प्राण्यांच्या विष्ठेपासून दूर ठेवावं आणि मग विष्ठा पुन्हा तपासावी. नुसती वाटसरू अंडी असतील तर ती एव्हाना संपलेली असतात. त्यानंतरही अंडी येत राहिली, शिवाय वेगवेगळ्या दिवशी येत राहिली, तर आतड्यात जंत आहे हे जवळजवळ निश्चित. अशा मांजराच्या अहवालात ‘ट्रायक्युरिस प्रजाती’ एवढं लिहायला हरकत नाही. त्यापुढचं नाव केवळ अंड्यांवरून लिहू नये.

जाता जाता एक व्यावहारिक गोष्ट. अहवालात ‘व्हिपवर्म’ वाचून मांजर पाळणारे लोक घाबरतात. माणसाला होणारा नेहमीचा व्हिपवर्म ट्रायक्युरिस ट्रायक्युरा असतो आणि तो माणसांच्या विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून व अन्नातून येतो. मांजरातल्या संसर्गात बहुतेक वेळा लक्षणंही दिसत नाहीत. औषध द्यायचं की नाही हा निर्णय पशुवैद्याचा. त्यासाठी जातीच्या नावाची वाट पाहत थांबावं लागत नाही.

जंत गोळा करणं

जात ठरवायची तर पूर्ण वाढलेले जंत हवेत. ते बहुधा शवविच्छेदनातूनच मिळतात. अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) आणि बृहदांत्र (मोठं आतडं) बाकीच्या आतड्यापासून दोऱ्याने बांधून वेगळं करावं. मांजराचं अंधांत्र लहानसं असतं आणि घाईत ते उघडायचंच राहून जातं. टोकापर्यंत कात्री न्यावी. आतला मल सलाइनमध्ये हलक्या हाताने धुवावा आणि धुतलेलं पाणीही काळ्या पार्श्वभूमीवर तपासावं.

जाड शेपटाकडचा भाग पोकळीत लोंबताना दिसतो. केसासारखा पुढचा भाग श्लेष्मल आवरणात शिवलेला असतो. चिमट्याने ओढलं की तो तुटतो. मग उरलेल्या अर्ध्या जंतावरून ना एकूण लांबी कळते, ना पुढच्या आणि मागच्या भागाचं प्रमाण. त्यापेक्षा आतड्याचा तेवढा तुकडा कापून सलाइनच्या बशीत ठेवावा आणि भिंगाखाली दोन बारीक सुयांनी आवरण उकलत जंत मोकळा करावा. एका जंताला काही मिनिटं लागतात आणि ती द्यावीत. जंत कोणत्या भागातून किती मिळाले, हेही नोंदवावं.

त्यानंतर दोन वाट्या कराव्यात. काही जंत थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये, पुढे डीएनए तपासता यावा म्हणून. फॉर्मालिनमध्ये गेलेल्या जंताचा डीएनए मिळवणं फार अवघड होतं, तेव्हा ही वाटी आधी भरावी. उरलेले जंत गरम, सुमारे ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या, ७० टक्के इथेनॉलमध्ये टाकावेत. गरम द्रावणात जंत ताणून सरळ मरतो, थंड द्रावणात तो आखडतो. इथेनॉल पेट घेतं, म्हणून ते गरम पाण्याच्या भांड्यात ठेवूनच तापवावं, ज्योतीवर कधीही नाही.

पाहण्यासाठी जंत पारदर्शक करावा लागतो. लॅक्टोफिनॉल हे काम पटकन करतं, पण त्यात फिनॉल असल्याने मोजे आणि खेळती हवा हवी. घाई नसेल तर ७० टक्के इथेनॉलमध्ये पाच टक्के ग्लिसरीन मिसळून बशी अर्धवट झाकून ठेवावी. काही दिवसांत इथेनॉल उडून जातं आणि जंत ग्लिसरीनमध्ये राहतो. त्यात तो कमी आकसतो, म्हणून मोजमापासाठी मला हीच पद्धत जास्त पटते.

आधी प्रजात, मग नर-मादी

ट्रायक्युरिसमध्ये लांब बारीक पुढचा भाग एकाएकी आखूड जाड मागच्या भागात बदलतो, चाबूक आणि त्याची मूठ असावी तसा. कॅपिलारिया गटातले जंत शेवटपर्यंत बारीकच असतात, असा एकदम बदल त्यांच्यात नसतो. बारीक भागात अन्ननलिकेला लागून मोठाल्या पेशींची एकेरी रांग दिसते, तिला स्टिकोसोम म्हणतात. याच भागाच्या पृष्ठभागावर छिद्रांचा एक लांबट पट्टाही असतो. तोंड अगदी साधं, ओठ नसलेलं.

नराचं शेपूट गुंडाळलेलं असतं, मादीचं मागचं टोक बोथट आणि फार तर किंचित वाकलेलं. मादीत अंडी भरलेली गर्भनलिका दिसतेच. नर आणि मादी वेगवेगळ्या बशीत ठेवावेत, कारण पुढे दोघांचे निकष वेगळे आहेत.

नरात काय पाहायचं

नराला एकच स्पिक्यूल (मैथुनासाठीचा सुईसारखा कठीण अवयव) असतो. त्याच्याभोवती म्यान असतं आणि त्या म्यानावर काटे. प्रत्येक नरासाठी पाच गोष्टी नोंदवाव्यात: स्पिक्यूलची लांबी, त्याच्या बुंध्याची आणि टोकाची रुंदी, म्यानाचा बाहेर आलेल्या स्थितीतला आकार, काटे म्यानावर कुठून कुठपर्यंत आहेत, आणि ते दाट की विरळ.

स्पिक्यूल हा त्यातला भरवशाचा भाग. तो कठीण असल्याने द्रावणात फारसा आकसत नाही. कुत्र्याच्या ट्रायक्युरिस व्हल्पिसमध्ये स्पिक्यूल सुमारे ९ ते ११ मिलिमीटर लांब असतो आणि संपूर्ण जंत ४५ ते ७५ मिलिमीटर. मांजरातून काढलेल्या नराचा स्पिक्यूल या पल्ल्यापासून दूर असेल, तर व्हल्पिसची शंका मागे पडते. पल्ल्यातच बसला, तर तपासणी पुढे न्यावी, निष्कर्ष काढू नये.

म्यानाचा आकार मात्र फसवा आहे. ते मऊ असतं आणि जंत मरताना किती बाहेर आलं यावर त्याचं रूप ठरतं. अर्धवट बाहेर आलेलं म्यान नळीसारखं दिसतं. तेच पूर्ण उलटून आलं तर टोकाशी फुगतं किंवा घंटेसारखं पसरतं. एका नराच्या म्यानावरून जात ठरवली तर आपण जातीऐवजी जंताची मरणवेळची स्थिती नोंदवत असतो. शक्य तितके नर पाहावेत आणि पूर्ण बाहेर आलेल्या म्यानाचंच वर्णन तुलनेसाठी वापरावं. बाकीच्यांची नोंद ‘अर्धवट’ म्हणून करावी.

मादीत काय पाहायचं

मादीचं योनिद्वार बारीक भाग संपून जाड भाग सुरू होतो त्याच्या जवळ असतं. मांजरातल्या व्हिपवर्मच्या जातींबद्दलचा सगळा वाद या चिमुकल्या जागेभोवती आहे, म्हणून इथे घाई अजिबात नको.

आधी दहा पटीखाली जाडी बदलते ती जागा शोधावी. मग मादीला अशी फिरवावी की योनिद्वार बरोबर कडेला, बाजूने दिसेल. समोरून पाहिलेलं योनिद्वार कितीही उंच असलं तरी सपाट वाटतं. ग्लिसरीनमधला जंत कव्हरस्लिप हलकेच सरकवून फिरवता येतो. अर्ध्या मिलिमीटरने सरकवून पाहावं, पुन्हा सरकवावं.

कडेला आल्यावर स्वतःला प्रश्न विचारावेत. योनिद्वार अंगाच्या पातळीत आहे की वर उचललेलं? उचललेलं असेल तर त्याला कडा आहे, नळी आहे की एखादा लोंबता उपांग? उपांग असेल तर एक की जास्त? पृष्ठभाग गुळगुळीत की त्यावर काटे किंवा उंचवटे? योनिमार्ग सरळ की वळणावळणाचा? प्रत्येक उत्तरासोबत हाताने काढलेलं रेखाचित्र हवं. फोटो घ्यावाच, पण फोटोत एकच फोकस पातळी येते. चित्र काढताना डोळा वर-खाली जाऊन सगळं गोळा करतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची सोय असेल तर या जागेसाठी तिचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

नराच्या म्यानासारखाच धोका इथेही आहे. जंत मरताना योनिमार्गाचा भाग बाहेर उलटला, तर मुळात सपाट असलेलं योनिद्वारही उंच दिसतं. काही माद्यांत उंच आणि काहींत सपाट दिसलं म्हणून मांजरात दोन जाती आहेत असं लगेच म्हणू नये. दोन्ही गटांत बाकीची लक्षणंही वेगळी पडत आहेत का हे पाहावं. स्पिक्यूलचं माप सारखं, अंड्यांचं माप सारखं आणि फक्त योनिद्वार वेगळं, असं असेल तर मी तरी एकच जात धरून चालेन आणि मतभेद नोंदीत लिहीन.

अंडी गर्भनलिकेत मोजली की विष्ठेत, हेही वेगळं ठेवावं. मादीच्या पोटातली सगळी अंडी तयार झालेली नसतात. आतल्या बाजूच्या अंड्यांना बुचं आणि रंग नीट आलेला नसतो आणि तीही मोजली तर सरासरी खाली येते. मोजायचीच तर योनिमार्गाजवळची, कवच तपकिरी झालेली अंडी घ्यावीत.

लांबी घ्यावी, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये

एकूण लांबी, बारीक भागाची लांबी, जाड भागाची लांबी, दोन्हीचं गुणोत्तर, सर्वांत जाड जागेची रुंदी: ही मापं सगळ्या वर्णनांत असतात, तेव्हा तीही घ्यावीत. गुंडाळलेल्या नरासाठी मापासह फोटो काढून मधल्या रेषेवरून तुकड्या-तुकड्याने मोजणं बरं.

पण जंताची लांबी त्याच्या वयावर, आतड्यात किती जंत दाटीने आहेत यावर, यजमान प्राण्यावर आणि तो कशात जतन केला यावर बदलते. जुनी वर्णनं कधी मोजक्या जंतांवरून तर कधी रानटी मांजरवर्गीयांतल्या जंतांवरून लिहिली गेली. त्यातल्या लांबीच्या पल्ल्यात आपला जंत बसला नाही, तर त्यातून फारसं सिद्ध होत नाही. बसला तरीही नाही. माझ्या मते महत्त्वाचा क्रम असा: स्पिक्यूल आणि म्यानावरचे काटे, मग योनिद्वार, मग गुणोत्तर, आणि एकूण लांबी सर्वांत शेवटी.

नाव केव्हा लिहायचं

अनेक नर आणि अनेक माद्या पाहून झाल्या, स्पिक्यूल, म्यान आणि योनिद्वार तिन्हींची नोंद आहे आणि ती मूळ वर्णनातल्या मजकुराशी व चित्रांशी जुळते, तेव्हाच जातीचं नाव लिहावं. नावासोबत कोणतं वर्णन आधाराला घेतलं तेही सांगावं, कारण ‘फेलिस’ आणि ‘सेराटा’ या नावांखाली वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळा अर्थ धरला आहे. निकष परस्परविरोधी गेले तर ‘ट्रायक्युरिस प्रजाती, मांजरातून’ असं लिहून खाली मापं द्यावीत. पुढच्या अभ्यासकाला ओढूनताणून लावलेल्या नावापेक्षा त्या मापांचा उपयोग जास्त होतो.

डीएनए तपासणीची सोय असेल तर बाजूला काढलेली वाटी आता कामाला येते. व्हिपवर्मसाठी आयटीएस, १८एस आणि कॉक्स-१ हे डीएनएचे भाग सहसा वाचले जातात. सेंट किट्सच्या मांजरांतल्या जंताची अशी जनुकीय ओळख २०१५ मध्ये ‘सेराटा’ या नावाने प्रसिद्ध झाली आहे. जुळवताना लक्षात ठेवावं की डीएनएच्या क्रमाला लावलेलं नावही शेवटी कुणीतरी रचना पाहूनच दिलेलं असतं. म्हणून ज्या जंताचा डीएनए काढायचा, त्याचं शेपूट किंवा योनिद्वाराचा भाग कापून स्लाइडसाठी राखावा आणि मधल्या तुकड्यातून डीएनए काढावा. दोन्ही भागांवर एकच क्रमांक घालावा.

उरलेले जंत टाकून देऊ नयेत. ७० टक्के इथेनॉल भरलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवून आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घालावी, शाई इथेनॉलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर यजमान, अवयव, ठिकाण, तारीख आणि कशात मारले हे लिहावं. शक्य असेल तर एक संच एखाद्या संग्रहालयात किंवा विद्यापीठाच्या परजीवी संग्रहात जमा करावा आणि तिथला नोंदणी क्रमांक आपल्या अहवालात लिहावा.